'द ब्लॅकनिंग' १४ वर्षांच्या मुलाला बघू द्यावा का? (आर रेटिंग, हॉरर कॉमेडी)

थालीपीठ_जर्सी

मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, पटकन सल्ला हवाय, शनिवारच्या आत.

थोरला १४ चा आहे, नववीत. बास्केटबॉलमधल्या मित्राचा वाढदिवस आहे आणि सात-आठ पोरं रात्री तिकडेच झोपणार आहेत. मित्राची आई फार व्यवस्थित बाई आहे, तिने सगळ्या आयांना मेसेज टाकला की रात्री 'द ब्लॅकनिंग' लावायचा विचार आहे, आर रेटिंग आहे, कोणाला नको असेल तर आत्ताच सांगा, राग नाही, दुसरा लावू. कुटुंब आफ्रिकन अमेरिकन आहे, येणारी बहुतेक पोरंही, आमचा एकटाच देसी.

मी ट्रेलर बघितला. त्यात एक बोर्ड गेम आहे आणि त्याच्या मधोमध एक चेहरा, काळाकुळकुळीत, लालभडक जाड ओठ, बटाट्याएवढे डोळे, आणि तो बोलतो! मला खुदकन हसू आलं आणि दुसऱ्या सेकंदाला वाटलं, अगं बाई, मी यावर हसायचंय का नाही? बाजूला पोरगं उभं होतं, तेही माझ्याकडेच बघत होतं.

नवरा म्हणतो एवढं काय त्यात, आपण पाचवी-सहावीत तात्या विंचू बघितला, काय बिघडलं? (नणंदेच्या म्हणण्यानुसार हा आठवीपर्यंत रात्री बाथरूमला एकटा जात नव्हता. असो.)

तर ज्यांनी बघितलाय त्यांनी सांगा, रक्त किती, शिव्या किती, तसले सीन आहेत का, आणि मुख्य म्हणजे यातले जोक आपल्या पोराला कळतील का, का ते भलतंच काहीतरी शिकून येईल आणि सोमवारी शाळेतून मला फोन येईल.

---

चहा_कमी_साखर

बघितलाय. जून २०२३ मध्ये थेटरात, नंतर घरी एकदा. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो, जमेल तेवढं कथा न फोडता.

गोष्ट साधी आहे. कॉलेजचे जुने मित्र, सगळे ब्लॅक, जूनटीन्थच्या (गुलामी संपल्याची आठवण म्हणून पाळतात तो दिवस) सुट्टीला जंगलातल्या एका केबिनवर जमतात. तिथे एक खोली, त्यात तो गेम. कोणीतरी मुखवटेवाला त्यांना कोंडतो आणि गेममधून प्रश्न विचारतो, चुकलात तर माणूस मरणार. मुखवटाही त्या गेमवरच्या थोबाडासारखाच. पोस्टरवर लिहिलं होतं की सगळेच काय पहिले मरू शकत नाहीत, यावरूनच कळतं की कोणाची टोपी उडवतायत. हॉरर सिनेमात काळा माणूस पहिला मरतो हे इथल्या प्रेक्षकाला पाठ झालेलं असतं, मग सगळेच काळे असले तर पहिला कोण? या एका गमतीवर अख्खा पिक्चर.

रक्त: आहे. क्रॉसबो आहे, बाण घुसतो तो दिसतो, मारामारी आहे. पण आतडी बाहेर काढून दाखवलीत असला प्रकार नाही. दचकवणारे सीन मोजकेच, आणि प्रत्येकानंतर कोणीतरी काहीतरी बोलतं नि थेटर हसतं. भीती टिकतच नाही, खरं सांगायचं तर हॉरर म्हणून जरा पुचाटच आहे.

तसले सीन: नाहीतच म्हण. एका जोडप्याचं जुनं लफडं, पूर्वी त्याने तिला फसवलेलं, त्यावरून मैत्रिणीची आणि गे मित्राची चिडचिड, तेवढंच. नशा मात्र आहे, दारू, गोळ्या, आणि ती विनोदाच्या अंगाने येते. मला शिव्यांपेक्षा तेच जास्त खटकलं.

शिव्या: यावर बोलायलाच नको. रेटिंगच्या कारणांत पहिलं तेच दिलंय, भाषा, मग हिंसा, मग ड्रग्ज. एफ वाला शब्द तर आपण पोह्यांवर खोबरं भुरभुरतो तसा. आणि एन वाला शब्दही (काळ्यांना हिणवायची जुनी शिवी) सतत, आपापसात, दोस्तीत.

एक लक्षात घे, आर म्हणजे १७ च्या आतल्यांनी थेटरात आई-बाप किंवा मोठ्या माणसाबरोबर यायचं, एवढंच. बंदी नाहीये आणि हा सरकारी कायदाही नाहीये, इंडस्ट्रीने स्वतःच घातलेला नियम आहे. घरी स्ट्रीम होणार म्हणजे ठरवणार तूच.

माझी मुलगी तेव्हा १५ ची होती, मी नेली. हसली माझ्यापेक्षा जास्त. अर्धे जोक मला तिने गाडीत समजावून सांगितले.

---

खमंग_काकडी

मी सात वर्षांची असताना मामाने व्हिडिओवर रामसेंचं भूत दाखवलं होतं. आज ४६ ची आहे, बेडखाली अजून बघते. पाठव बिनधास्त. 😄

---

मास्तरीण_शिकागो

मी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते, नववी-दहावीच, म्हणजे तुझ्या पोराच्याच वयाची गँग रोज समोर असते. जरा लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

रक्तबिक्त सोड. तू जे लिहिलंस ना, हसू आलं आणि मग वाटलं हसायचं का, तो चेहरा त्यासाठीच बनवलाय. तो सिनेमावाल्यांच्या डोक्यातून आलेला नाही. १८३० च्या सुमाराला टी. डी. राइस नावाचा गोरा नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून स्टेजवर लंगडत नाचायचा आणि लोक तुडुंब गर्दी करायचे. त्याच्या पात्राचं नाव होतं जिम क्रो. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे जे कायदे झाले त्यांना हेच नाव पडलं, म्हणजे विचार कर, एका नकलेचं नाव कायद्यांना चिकटलं! तेच मोठे ओठ, तेच बटाट्यासारखे डोळे मग बाहुल्यांवर, पैसे साठवायच्या लोखंडी गल्ल्यांवर, खाण्याच्या जाहिरातींवर आले. लोकांच्या स्वयंपाकघरात होतं हे, कपाटात. मी वर्गात अशा एका गल्ल्याचा फोटो दाखवते, हातावर नाणं ठेवलं की ते तोंडात टाकतो, आणि दरवर्षी कोणीतरी पोरगं आधी हसतं आणि मग गप्प होतं. तुझ्यासारखंच.

दुसरं, जूनटीन्थ. १९ जून १८६५ ला टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला सैन्याने जाहीर केलं की गुलाम आता मोकळे आहेत. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, म्हणजे अडीच वर्षं तिथली माणसं कागदावर सुटलेली आणि शेतात राबतच होती. २०२१ ला ती देशाची सुट्टी झाली. याच सुट्टीला हे लोक केबिनवर जमतात आणि कोणीतरी त्यांना कोंडतं, हे उगाच नाहीये.

तिसरं, एक सीन, तो म्हणजे सिनेमाचं काळीज. मुखवटेवाला म्हणतो तुमच्यातला सगळ्यात जास्त ब्लॅक जो आहे तो मला द्या, बाकीच्यांना सोडतो. एरवी ज्यावरून एकमेकांना टोमणे मारत होते, तू पुरेसा ब्लॅक नाहीस म्हणून, त्याच्या बरोब्बर उलटं सुरू होतं, प्रत्येकजण आपण कमी ब्लॅक कसे ते पटवून द्यायला लागतो. एक म्हणते माझा बाप गोरा आहे. एक म्हणतो मी गे आहे, आणि आमच्या घरच्यांच्या मते ती गोऱ्यांची थेरं. एकजण तर सांगतो मी ट्रंपला मत दिलं, यावर जे होतं ते बघाच. त्या गोऱ्या बापाच्या मुलीवरचे जोक समजायला पोराला एवढं माहीत हवं की एक थेंब जरी काळं रक्त असलं तरी माणूस काळाच, असा हिशोब इथे कायद्यात होता. व्हर्जिनियात १९२४ ला तसा कायदा झाला, आणि गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सुप्रीम कोर्टाने १९६७ ला उठवली. माझ्या सासूबाईंच्या लग्नाचं साल ते, फार जुनं नाही.

कळण्यासारखं बाकी खूप आहे, पण नाही कळलं तरी अडत नाही. गेममध्ये विचारतात की फ्रेंड्समध्ये पाहुणे म्हणून आलेले पाच ब्लॅक कलाकार सांगा. आपण सगळ्यांनी फ्रेंड्सची पारायणं केलीत ना? सांगा बघू पाच. मला दोनवर ब्रेक लागला. फ्रेंड्सच्या वर्षभर आधी, १९९३ ला, 'लिव्हिंग सिंगल' सुरू झाली होती, न्यूयॉर्कमधलेच सहा तरुण दोस्त, सगळे ब्लॅक. ती आपल्याकडे कोणी बघितली? मी नाव इथे आल्यावर ऐकलं.

(पुढे शेवटाबद्दल एक वाक्य आहे, नको असेल तर खालच्या प्रतिसादावर जा.) शेवटी वाचलेले लोक ठरवत बसतात की फोन कोणाला करायचा, पोलिसांना नको म्हणून अग्निशमन दलाला करतात, आणि ते येऊन यांच्यावरच पाण्याचा फवारा सोडतात. तुझं पोरगं हसेल. खोलीतल्या बाकी पोरांच्या घरात १९६३ च्या बर्मिंगहॅमचे फोटो माहीत असतात, शाळकरी मुलांवर पाण्याचे पाइप सोडले होते ते. तीही हसतीलच, पण त्यांच्या हसण्याखाली अजून काहीतरी असेल. शनिवारच्या आधी ते फोटो एकदा त्याला दाखव, पाच मिनिटांचं काम आहे.

(अवांतर: हा सिनेमा मुळात २०१८ च्या एका छोट्या विनोदी व्हिडिओवरून वाढवलाय, आणि तो करणारी मंडळी आमच्या शिकागोची! लिहिणाऱ्यांपैकी ड्वेन पर्किन्स स्वतः कामही करतो यात, तोच तो गे मित्र.)

---

स्पष्टवक्ता_ठाणे

एका पिक्चरसाठी एवढा अभ्यास? परीक्षा आहे का? आणि त्यांचं ते काळं-गोरं त्यांच्यापाशी, आपल्याला काय करायचंय. आपण तिकडे कामाला गेलो, काम करावं, पोराला डिस्नी दाखवावा.

---

नागपुरी_तर्री

@स्पष्टवक्ता, आपल्याला काय करायचंय म्हणता, आणि जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण कोणाला केलं होतं माहीत आहे ना? अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. तिकडे गुलामी संपून आठच वर्षं झाली होती आणि पुण्यात बसलेल्या माणसाला ती आपली गोष्ट वाटली होती. १९४६ ला बाबासाहेबांनी डु बॉइसना, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या विचारवंताला, पत्र लिहिलं. दलित पँथरचं नाव कुठून आलं तेही सांगू का?

आणि पिक्चरमधला तो सीन, मी कमी ब्लॅक आहे असं पटवून देणं, मला तर बघताना हसता हसता घाम फुटला ना. पहिल्या नोकरीत पुण्यात खोली शोधत होतो, घरमालक नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही नेमके कोण'. मी आईचं माहेर सांगून बघितलं, नॉनव्हेज खात नाही सांगितलं, चक्क खोटं. कमी कमी करत गेलो स्वतःला. चौथ्या घरी खोली मिळाली.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

बरं. पुस्तकाचं माहीत नव्हतं. डिस्नीचं माझं मत कायम आहे.

---

थालीपीठ_जर्सी

बापरे, एवढं सगळं! मास्तरीणबाई, सेव्ह करून ठेवलंय. तर्री, काय बोलू.

आता माझी खरी भीती सांगते. तो एन वाला शब्द. रॅप ऐकताना हा गाण्यात गाणं मिसळतो आणि तो शब्द आला की पुटपुटतो, मी दोनदा पकडलंय. म्हणतो आई सगळे म्हणतात. तिथे रात्रभर तोच शब्द कानावर पडणार, एकमेकांना हसत हसत म्हणणार, आणि याच्या तोंडून निघाला तर?

---

कोकम_सोडा

हाय, मी वीस वर्षांची आहे, इथेच जन्मले, माझं मराठी लिहिणं वीक आहे, आजीने शिकवलं, चुका सांभाळा.

ताई, नियम एकदम सोपा आहे. तो शब्द त्याने नाही म्हणायचा. गाण्यात नाही, सिनेमाचा डायलॉग म्हणून नाही, मित्र म्हणाला तुला परवानगी आहे तरी नाही. कारण सांगायला लागलं तर असं सांगा, आजी आजोबांना "ए म्हाताऱ्या" म्हणते ते चालतं, शेजाऱ्याने म्हटलं तर? माझ्या आजीने मला असंच समजावलेलं, आणि तिला इंग्लिश येत पण नव्हतं.

पण मला दुसरं बोलायचं आहे. मीसुद्धा अशा ग्रूपमध्ये एकटी ब्राऊन असायचे. देसी मुलं मला कोकोनट म्हणायची, बाहेरून ब्राऊन आतून व्हाइट, कारण मला क्रिकेट कळत नव्हतं आणि हिंदी पिक्चर माहीत नव्हते. म्हणून त्या सिनेमातलं ते "तू पुरेशी नाहीस" मला लगेच कळलं, कोणी समजवायला नाही लागलं. तुमच्या मुलाला पण कळेल.

आणि सॉरी हे थोडं अवघड आहे पण बोलते. माझ्या घरी बाबा फोनवर भारतात बोलताना ब्लॅक लोकांना "कल्लू" म्हणायचे. रागाने नाही, असंच, जसं कोणी "सरदारजी" म्हणेल तसं. मी नववीत होते, माझी बेस्ट फ्रेंड घरी आलेली, बाबा किचनमध्ये फोनवर होते आणि तिने तो आवाज ऐकला, तोच शब्द तीनदा, आणि मला विचारलं की तुझे डॅड काय म्हणतायत. मी म्हटलं एका माणसाचं नाव आहे. ती "ओके" म्हणाली. मला अजून वाटतं तिला कळलं होतं. त्या वर्षी ती परत आली नाही घरी, म्हणजे भांडण नाही झालं, फक्त आली नाही.

तर सिनेमात कोण काय बोलतं हे ठीक आहे, पण तो शनिवारी काय काय ऐकून आधीच जाणार आहे ते पण बघा प्लीज.

---

चहा_कमी_साखर

कोकम, तुझं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे.

आणि हो. आमच्याकडेही. "काळ्यांची वस्ती आहे, गाडी लॉक कर." किती वेळा म्हटलं असेल मी, मागच्या सीटवर पोरगी बसलेली असताना.

---

खमंग_काकडी

आमच्या घरात तर बाळ जन्मलं की आधी कान बघतात, कानाचा रंग तोच पुढे अंगाचा म्हणून. मी गोरी निघाले नाही म्हणून आत्याने डाळीचं पीठ आणि साय चोळून चोळून माझं थालीपीठ केलं होतं. (धागाकर्तीने नावावर घेऊ नये.) आधी गंमत म्हणून बेडखालचं भूत लिहिलं होतं, आता वाचून बसले आहे नुसती.

---

थालीपीठ_जर्सी

अपडेट, कारण इथे धागे काढून लोक गायब होतात आणि मग आपण वर्षभर विचार करत बसतो की पुढे काय झालं.

काल रात्री आधी मी आणि नवरा दोघांनीच बघितला. नवरा पहिल्या दहा मिनिटांत उशी घेऊन बसला, तात्या विंचूचा वाघ! तो पहिला प्रश्न येतो ना, हॉरर सिनेमात जिवंत राहिलेलं एक ब्लॅक पात्र सांगा, तिथे मी पॉज केला आणि आम्ही खरंच आठवत बसलो. याने २०१७ चा 'गेट आउट' सांगितला, बरोबर आहे. पण त्याच्या आधीचं काही सुचेना. तेवढ्यात पोरगं जिन्यावरून म्हणालं, बाबा, तो जुना झोंबीचा पण आहे ना, १९६८ चा, त्यात हिरो ब्लॅक आहे. मग स्वतःच म्हणाला, पण नको, तो रात्रभर झोंब्यांशी लढून वाचतो आणि सकाळी झोंबी समजून त्याला माणसंच गोळी घालतात. म्हटलं तुला काय माहीत? मित्राच्या वडिलांनी दाखवला म्हणे, मागच्याच महिन्यात. मी इथे जगाला विचारतेय आणि साहेब तिकडे क्लासिक बघून बसलेत.

मग बसवला त्यालाही, म्हटलं आता लपून काय बघतोस. पिक्चरमधल्या गोऱ्या जंगल रेंजरचं आडनावच व्हाइट आहे, त्यावर तो आमच्या आधी हसला. नशेच्या गोळ्यांच्या सीनला मी खोकले, त्याने डोळे फिरवले. शेवटच्या पाण्याच्या फवाऱ्याला हसला, तेव्हा मास्तरीणबाईंनी सांगितलेले फोटो काढून दाखवले. काही बोलला नाही, फोन माझ्या हातातून घेतला आणि एक फोटो मोठा करून बघत राहिला, त्यात एक मुलगा भिंतीला टेकलाय. मग म्हणाला, हा माझ्याएवढा आहे.

शब्दाचं पण बोलणं झालं. शेजारी आणि म्हाताऱ्याचं उदाहरण लगेच पटलं, कोकम, तुझ्या आजीला नमस्कार. पण मग त्याने विचारलं, मग बाबा आजोबांशी फोनवर बोलताना काळ्या लोकांसाठी तो 'कल्लू'सारखा शब्द का वापरतात. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी पंख्याकडे. नवरा म्हणाला, चूक आहे, नाही वापरणार. पोरगं म्हणालं, आजोबांना पण सांगाल? रविवारी फोन असतो सासऱ्यांचा. बघू.

मित्राच्या आईला मेसेज टाकलाय की चालेल, येईल तो. तिचं उत्तर, छान, आणि मागच्या वेळी पाठवले होते ते पिवळे बटाट्याचे गोळे परत पाठवशील का, माझ्या नवऱ्याने एकट्याने सहा खाल्ले होते.

तर आता खरा प्रश्न. आठ पोरं, दोन मोठी माणसं. बटाटेवडे किती करू?

---

खमंग_काकडी

१४ वर्षांची आणि बास्केटबॉलवाली? माणशी सहा धर. आणि त्या नवऱ्याचे दहा वेगळे बांध.

---

नागपुरी_तर्री

तिखट कमी घालू नको बस. भूत बघून नाही रडली तर वड्याने रडली पाहिजेत.